कोऱ्या हाताची पाहुणी

*पत्र थोडक्यात:* वय २४. गेली तीन वर्षं मेटल संगीत ऐकणाऱ्या आणि वाजवणाऱ्या सात-आठ जणांच्या टोळक्यात ती आहे. रात्र-रात्र चालणाऱ्या गप्पा, कार्यक्रमाच्या दिवशी ड्रमच्या पेट्या गाडीत चढवणं, आवाजाची तपासणी, सगळ्यांत ती पुढे. बाकी सगळ्यांच्या डाव्या मनगटाच्या वर कावळ्याच्या पिसाचा एकसारखा टॅटू आहे आणि कानांच्या वरच्या कडेला रिंगा. तिच्या अंगावर काहीच नाही. पुढच्या महिन्यात टोळक्याला पाच वर्षं होतायत. त्या रात्री तिच्या हातावरही पीस काढायचं आणि दोन्ही कान टोचायचे, असं बाकीच्यांनी ठरवून टाकलंय. त्यांच्यातल्या एकाने मशीन विकत घेतलंय, तोच काढणार. तिने चाचरत 'बघू' म्हटलं, तर एक मैत्रीण हसत म्हणाली, 'कोऱ्या हाताची माणसं आमच्याकडे पाहुणी असतात.' घरी आईच्या कानावर गेलं, तर तिचं एकच पालुपद, 'असलं करून घेणाऱ्या मुली कसल्या असतात ते माहितेय मला.' पत्रात शेवटी दोन प्रश्न आहेत: मी भित्री आहे का? आणि टॅटू नसेल तर मी खरीखुरी मेटलहेड नाही का? खाली सही, 'कोरी'.

प्रिय कोरी,

माझ्या निम्म्या वयाची आहेस, म्हणून 'तू'च म्हणते.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा टॅटूचा प्रश्न. दुसऱ्यांदा वाचताना दोन शब्द टोचले: 'ठरवून टाकलंय'. हात तुझा, कान तुझे, तारीख त्यांची. आईच्या वाक्यातही तू कुठे नाहीस, 'असल्या मुली' आहेत. दोन्हीकडे तुझ्या कातडीवर चर्चा जोरात चालू आहे, आणि तुला कुणी विचारल्याचं मला पत्रात सापडलं नाही. म्हणून मीच विचारते. ते पीस तुला आवडतं का? टोळकं बाजूला ठेव, नुसतं चित्र म्हणून. चार पानांच्या पत्रात याबद्दल एक ओळ नाही.

भित्रेपणाचं आधी बघू. भीती एकच आहे असं धरून चालली आहेस, पण तिच्यात चार-पाच भीत्या गुंतलेल्या असतील. सुईची भीती, आईची, कायमच्या गोष्टीची, त्या मशीनवाल्या मित्राच्या हाताची, आणि 'नाही' म्हटल्यावर टोळकं तुटेल याची. एका कागदावर लिही आणि सगळ्यात मोठी कुठली ते बघ. सुईची असेल तर ती किरकोळ आहे. हाताच्या त्या भागावर सहन होण्यासारखं दुखतं. मित्राच्या हाताची असेल तर ती भीती नव्हे, शहाणपण आहे, त्यावर पुढे येतेच. माझा अंदाज विचारशील तर तुझी सगळ्यात मोठी भीती शेवटची आहे, आणि त्या भीतीपोटी काढलेला टॅटू हा धाडसाचा पुरावा कसा होईल, ते मला काही केल्या कळत नाही.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. त्यासाठी थोडं मागे जाऊ, साधारण १९८० सालात, अमेरिकेत. पंक या बंडखोर रॉक संगीताचे कार्यक्रम ज्या क्लबांत व्हायचे तिथे दारू मिळायची, आणि ऐकायला येणारी पुष्कळ पोरं दारूच्या कायदेशीर वयाच्या आतली. दारावरचा माणूस अशा पोरांच्या हाताच्या पाठीवर जाड काळ्या मार्करने फुली मारायचा. अर्थ सरळ होता: याला द्यायची नाही. म्हणजे ती फुली कमीपणाची, 'हा अजून लहान आहे' असं सांगणारी. वॉशिंग्टनच्या काही पोरांनी तीच फुली उचलून मिरवायला सुरुवात केली. तुम्ही काय देत नाही, आम्हालाच नकोय! पुढे वयाने मोठी झालेली, आरामात दारू मिळेल अशी मंडळीही स्वतःच्या हाताने फुल्या काढून यायला लागली. 'स्ट्रेट एज' या नावाने ते सगळं जगभर गेलं: दारू नाही, सिगारेट नाही, ड्रग्ज नाहीत. आणि हे चाललं कशावर, तर मार्करवर. रात्री फुली काढायची, सकाळच्या अंघोळीत ती फिकी व्हायची, पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा काढायची. गोंदवून घेणं मागाहून आलं. गोंदवून घेतलेल्यांतले काही जण कालांतराने प्यायलाही लागले. हातावर फुली आणि त्याच हातात ग्लास, असं ते चित्र. मार्करवाल्या पोरांना मात्र रोज नव्याने ठरवावं लागायचं. त्यात मला काही कमअस्सल दिसत नाही.

आता तुमचं पीस. टोळक्याच्या मनात ते कुंपण आहे, आतलं कोण आणि बाहेरचं कोण ते एका नजरेत कळावं यासाठी घातलेलं. अशा कुंपणांचं पुढे काय होतं ते बघण्यासारखं आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या पंक पोरांनी कानात, कुणीकुणी गालातसुद्धा, सेफ्टी पिना अडकवल्या. चारचौघांना बघवू नये हाच हेतू. आणि १९७७ मध्येच झँड्रा ऱ्होड्स या ब्रिटिश डिझायनरबाईंनी फाटक्या कपड्यांना खडे जडवलेल्या सेफ्टी पिना लावून अख्खं कलेक्शन बाजारात आणलं. टोचण्याचंही तेच. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूडमध्ये 'गॉन्टलेट' नावाचं, फक्त अंग टोचून देणारं दुकान उघडलं तेव्हा त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः चामड्याचे कपडे मिरवणाऱ्या समलिंगी पुरुषांच्या 'लेदर' वर्तुळातलं, आपापसांत ओळख असलेलं होतं. १९९३ मध्ये एका गाजलेल्या रॉक गाण्याच्या व्हिडिओत एक मुलगी बेंबी टोचून घेताना दिसली, आणि बघता बघता बेंबीतली रिंग कुणाचीच खूण उरली नाही, नुसता दागिना झाली. तेव्हा तुमचं पीसही उद्या एखाद्या टॅटूवाल्याच्या वहीत बाराव्या पानावर नसेल कशावरून? मुळात ते तिथूनच आलेलं नसेल कशावरून? (हे मित्रांना विचारू नकोस, उगाच भांडणं होतील.)

यावरून मी तुझ्या मित्रांना नावं ठेवतेय असं समजू नकोस. कायमची खूण का हवीशी वाटते ते मला कळतं. केस पुन्हा वाढतात, बँडचा टी-शर्ट चार वर्षांनी फरशी पुसायला जातो. कातडीवर काढलं की परतीचे दोर कापले. ज्यांना घरी आणि कामावर 'हे काय थेर' ऐकून घ्यावं लागतं, त्यांना अनोळखी मनगटावर आपली खूण दिसली की जो दिलासा मिळतो तो खराच असतो. अर्धविरामाची खूण तू पाहिली असशील, २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली. लेखक वाक्य जिथे संपवू शकला असता तिथे त्याने ते संपवलं नाही, पुढे नेलं, म्हणून अर्धविराम. आत्महत्येच्या विचारांशी झगडलेली माणसं तो मनगटावर बाळगतात. गंमत म्हणजे तोही सुरुवातीला पेननेच काढायचा होता. त्या मनगटांकडे बघून मला कधी कुंपण आठवत नाही. ती माणसं ज्यातून गेली, त्याची ती नोंद असते, आणि नोंद कधी करायची त्याची तारीख त्यांना कुणी दिलेली नसते.

आईचं थोडक्यात. तिचं वाक्य चुकीचं आहे आणि तसं तिला शांतपणे सांगायला हरकत नाही. पण ते हवेतून आलेलं नाही. जपानमध्ये १८७२ पासून १९४८ पर्यंत गोंदवण्यावर बंदी होती. ती उठली तरी गोंदवलेला माणूस म्हणजे याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांतला, ही समजूत तिथे गेली नाही. आजही तिथल्या बऱ्याच सार्वजनिक स्नानगृहांत टॅटूवाल्यांना आत घेत नाहीत. न्यूयॉर्क शहराने काविळीच्या भीतीने १९६१ मध्ये टॅटूची दुकानं बंद केली, ती कायद्याने उघडली थेट १९९७ मध्ये. कैदी, टोळ्या, बंदरावरचे खलाशी यांच्याशी जोडलेली गोष्ट एका पिढीत घरंदाज होत नाही. आईशी वाद घाल, पण तिच्या रागावर टॅटू काढू नकोस. पुढची वीस वर्षं मनगटाकडे बघताना कावळा नाही, आई आठवेल.

माझ्या डाव्या घोट्यावर एक चांदणी आहे. तेविसाव्या वर्षी आम्ही तीन मैत्रिणींनी एकाच दिवशी, एकसारखी काढून घेतली होती. पाच टोकं, आणि आत बारीक रेषेची दुसरी चांदणी. तेव्हा ती आतली चांदणी हा मोठा कौतुकाचा विषय होता. मागच्या वर्षी पाय मुरगळला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर त्या तरुण डॉक्टरने तिच्यावरून अंगठा फिरवत विचारलं, "इथे कधी भाजलं होतं का?" घरी येऊन चष्मा लावून बघितलं. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. काळ्याचा निळसर-हिरवट झालाय, आतली चांदणी बाहेरच्या रेषेत विरघळून गेलीय, एक टोक साफ बोथट. त्या दोघींपैकी एकीशी माझं आता बोलणं नाही, दुसरीशी रोज फोन होतो. दोन्हीत चांदणीचा काही हात नाही. तरीही ती काढून टाकावी असं मला कधी वाटलं नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर तुला वाटेल बाई पस्तावल्या आहेत.

रेषा अशा का फुटतात, ते कळलं तर चित्र निवडायला उपयोग होईल. सुई कातडीचा वरचा थर ओलांडून साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली शाई सोडते. वरचा थर झडून नवा येत राहतो, तिथे शाई टिकलीच नसती. खालच्या थरात शरीर तिला घुसखोर समजतं. भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण पचवता येत नाहीत म्हणून तशाच घेऊन बसतात. पेशी मेली की कण सुटतात आणि दुसरी पेशी ते गिळते. फ्रान्समध्ये उंदरांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही देवाणघेवाण दिसली. तेव्हा पिसाचे केसासारखे बारीक तंतू, जे फोटोत सगळ्यात सुंदर दिसतात, तेच आधी एकमेकांत मिसळणार. काढायचंच झालं तर थोडं मोठं आणि मोकळं काढ. 'नको झालं तर लेझर आहेच' असं कुणी म्हणालं तर त्याला विचार, किती खेपा? दोन खेपांमध्ये निदान सहा ते आठ आठवडे जावे लागतात, खेपा बऱ्याच लागतात, म्हणजे वर्षभर तरी धर. काळी शाई त्यातल्या त्यात ऐकते. हिरवी आणि पिवळी हट्टी असते.

आता मशीनवाला मित्र. इतका वेळ मी 'हेही बघ, तेही बघ' करत होते. इथे सरळ सांगते: नाही. वर्धापनदिनाच्या रात्री, घरात, ज्याने हे काम कुणाच्या हाताखाली राहून शिकलेलं नाही अशा माणसाकडून नाही. तो मित्र कितीही गुणी असो. सुई बदलली तरी शाईची वाटी तीच राहिली, मशीनची पकड तशीच राहिली, त्याच हातमोज्यांनी त्याने मध्येच गाणं बदललं, तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जायला एवढं पुरतं. हिपॅटायटिस ब आणि क दोन्ही असे पसरतात. ब वर लस आहे, क वर नाही, आणि हा विषाणू अंगात असलेल्या कित्येकांना स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. त्यात पार्टी म्हणजे पिणं आलं. कामाची चाड असलेला टॅटू कलाकार प्यायलेल्या गिऱ्हाइकाला हात लावत नाही, आणि स्वतः पिऊन तर मशीनला हात लावत नाहीच.

चांगला कलाकार ओळखायचा कसा, हे तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठीही सांगते. सुईचं बंद पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडतो का? शाई एकदाच वापरायच्या छोट्या टोप्यांत ओततो आणि उरलेली फेकून देतो का? मला सगळ्यात भरवशाची वाटते ती साधी गोष्ट: काम चालू असताना फोन वाजला आणि त्याने उचलला, तर परत येऊन हातमोजे बदलतो का? फोटो ताज्या टॅटूचे बघू नका, ते सगळ्यांचेच झकास असतात. दोन-तीन वर्षं जुने झालेले टॅटू दाखवायला सांगा. जखमेचा वण फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. आणि नियमित रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर काही महिने, काही देशांत वर्षभर, ते करता येत नाही. हाताचा पंजा, मान, चेहरा यांना या धंद्यात 'जॉब स्टॉपर', म्हणजे नोकरीच्या आड येणाऱ्या जागा, म्हणतात. अंगावर आधी काही नसलेल्या माणसाच्या या जागांवर काम करायला बरेच जुने कलाकार सरळ नकार देतात. तुमच्या पिसाची जागा मनगटाच्या वर आहे, बाहीखाली जाईल, तेवढं बरं.

कानाचं प्रकरण वेगळं आहे, टोळक्याने दोन्ही एका दमात उरकायचं ठरवलंय म्हणून ते एक होत नाही. कान सोनारानेच टोचावेत असं आपण म्हणतो, ते इथे 'ज्याचं काम त्यानेच करावं' एवढ्या अर्थाने घे. पाळी टोचली तर सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरची कडा म्हणजे कूर्चा, कानातलं लवचीक हाड. तिला रक्त कमी मिळतं, भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि चिघळली तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. तिथे कान टोचायची गन चालत नाही. गन बोथट दागिना जोराने दाबून आरपार घालते. पोकळ सुईने टोचणारा माणूस शोधावा लागतो. पहिली रिंग इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची असावी, निकेलवाली स्वस्तातली नको. निर्जंतुक सलाइनने धुवायचं, स्पिरिट लावायचं नाही, फिरवून बघायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. दोन्ही कान एकाच रात्री टोचल्यावर तू झोपणार कशी, याचा विचार त्या मंडळींत कुणी केलाय का? आणि कानावर दाबून बसणारे हेडफोन काही महिने बंद. मेटल ऐकणाऱ्या मुलीला ही शिक्षा टॅटूपेक्षा मोठी वाटायची.

मात्र एक आहे. रिंग काढता येते. भोक बुजतं, नाही बुजलं तर ठिपका राहतो. तुला खरंच काहीतरी करून बघायची इच्छा असेल तर एक कान टोचून सुरुवात करणं पिसापेक्षा सोपं. पण 'पीस नको तर निदान कान तरी' असा सौदा म्हणून करू नकोस.

मला विचारशील तर पुढच्या तीन आठवड्यांत एक कर. अंगाला चालणारं पेन आण (काळी मेंदी म्हणून मिळते ती नको, तिच्यातल्या रसायनाने कातडी भाजून निघू शकते) आणि ते पीस स्वतःच्या मनगटावर काढ. पुसट झालं की पुन्हा काढ. टोळक्यात असताना ते छानच वाटेल, त्याला अर्थ नाही. सोमवारी सकाळी कामावर वाटतं कसं, आजारी पडून अंथरुणात असताना वाटतं कसं, एकटी हेडफोन लावून बसलीस की लक्ष तिकडे जातं का, ते बघ. एखाद्या दिवशी मुद्दाम काढू नकोस आणि हात रिकामा वाटतो का ते बघ. वाटला, तर चांगल्या कलाकाराकडे तुझ्या तारखेला जा आणि त्या मित्रांपैकी एकाला सोबत ने. पीस नको पण काहीतरी हवंय असं लक्षात आलं, तर तुझं तू शोध. घाई नाही. आणि काहीच नकोय असं कळलं, तर तेही तीन आठवडे विचार करून कळलेलं असेल.

एवढं मात्र लगेच कर: 'बघू' म्हणणं थांबव. आपल्याकडे 'बघू' हा सगळ्यात गैरसमजाचा शब्द आहे. बोलणारा 'नाही' म्हणून बोलतो, ऐकणारा 'हो' म्हणून ऐकतो. त्यांनी तुझी तारीख ठरवली त्याला थोडीशी तूही जबाबदार आहेस. त्या रात्रीच्या आधी, एकेकाला न गाठता सगळ्यांना एकदमच सांग: 'त्या रात्री मी टॅटू काढणार नाही. पुढे काढलाच तर दुकानात काढेन. पार्टीला मात्र सगळ्यांच्या आधी येणार आहे.' कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की त्याला उत्तर येतं.

'पाहुणी' म्हणणाऱ्या मैत्रिणीशी वेगळं बोल. कदाचित ती गंमत होती आणि ती केव्हाच विसरलीही असेल. नसेल, तर तिला विचार, गेली तीन वर्षं ड्रमच्या पेट्या गाडीत कोण चढवतंय? पाहुणे सामान उचलत नाहीत.

मशीनवाला मित्र काय म्हणाला ते मला कळव. आई काय म्हणेल त्याचा अंदाज आहे.